वर्षभराच्या ज्वारीत गोळ्या घालायला सांगणाऱ्या त्या मेसेजला उत्तर

"उन्हाळ्यात घरात एकही किडा दिसणार नाही, आजीबाईंचे रामबाण उपाय, प्रत्येक माउलीपर्यंत पोहोचवा." हा मेसेज सध्या सोलापुरातल्या नातेवाइकांच्या, सोसायट्यांच्या, भिशीच्या ग्रुपवर फिरतोय. असले मेसेज मी वाचतही नाही. पण परवा साखर पेठेतल्या माझ्या आत्याचा फोन आला. "अरे, तुझ्या ओळखीनं त्या धान्यात टाकायच्या गोळ्या मिळतील का रे? मेसेजमध्ये आलंय. कोठीत टाकून ठेवते." आत्याचं घर दोन खोल्यांचं आहे. ज्या खोलीत ज्वारीची कोठी, त्याच खोलीत खाली गादी टाकून तिचा नातू झोपतो. म्हणून हे लिहितोय, आणि रागातच लिहितोय.

धान्याच्या व्यापारात माझी उमेदीची वर्षं गेली. त्यामुळे मेसेजमधल्या क्रमानं न जाता धान्याचा मुद्दा आधी घेतो. बाकीच्या बहुतेक उपायांनी फार तर पैसे वाया जातील किंवा कातडी भाजेल. हा उपाय घरातली माणसं मारू शकतो.

मेसेज म्हणतो, "ज्वारी-गव्हाच्या कोठीत गोळ्या कापडात बांधून ठेवा, खोली तीन दिवस बंद करा, वर्षभर पोरकिडा लागणार नाही."

या गोळ्या म्हणजे ॲल्युमिनियम फॉस्फाइड. गोळी स्वतः किडा मारत नाही. हवेतला ओलावा लागला की तिच्यातून फॉस्फिन नावाचा वायू सुटतो आणि तो मारतो. तीन ग्रॅमच्या एका गोळीतून एक ग्रॅम फॉस्फिन निघतो. तो हवेपेक्षा थोडा जड असतो आणि बारीकशा फटीतूनही पसरतो. घरातल्या पत्र्याच्या कोठीचं झाकण त्याला अडवू शकत नाही. कापडात बांधल्यानं काय होतं? गोळीची राख धान्यात मिसळत नाही, एवढंच. वायू कापडातून जायचा तसा जातोच. आणि ज्या खोलीचं दार तुम्ही "तीन दिवस बंद" करणार, तिची भिंत शेजाऱ्याच्या भिंतीला लागून असते. पेठांमधली जुनी घरं कशी आहेत ते सगळ्यांना ठाऊक आहे. एका खोलीत औषध ठेवलं आणि भिंतीपलीकडे झोपलेली माणसं दगावली, अशा घटना देशात आणि परदेशातही घडलेल्या आहेत.

"वास आला की कळेल ना?" असं आत्यानं विचारलं. बाजारातल्या गोळ्यांना लसणासारखा किंवा सडक्या मासळीसारखा वास येतो, हे खरं आहे. पण वास आला नाही म्हणून वायू नाही, असं धरून चालता येत नाही. फॉस्फिनवर उतारा नाही. हे वाक्य पुन्हा वाचा. साप चावला तर विष उतरवणारं इंजेक्शन आहे. हा वायू अंगात गेल्यावर डॉक्टर फक्त शरीराला आधार देऊ शकतात, विष उतरवायला त्यांच्याकडे काहीही नसतं. सुरुवात होते मळमळ, डोकेदुखी, उलट्या, छातीत जड वाटणं, धाप लागणं, यांनी. आता एप्रिल-मेमध्ये सोलापुरात पारा बेचाळीस-त्रेचाळीसवर असताना लेकरू उलट्या करायला लागलं, तर घरातली माणसं काय म्हणतील? ऊन लागलं म्हणतील. कांद्याचा रस लावतील, ओला टॉवेल घालतील, आणि त्याच बंद खोलीत गार वाटावं म्हणून झोपवतील.

त्यात कूलर. हा वायू सुटण्याचा वेग दोन गोष्टींवर ठरतो, उष्णता आणि ओलावा. आपल्याकडे उन्हाळ्यात खोलीत उष्णता असतेच, ओलावा आपण कूलर लावून आणतो. मेसेज लिहिणाऱ्याला हे माहीत असण्याची अपेक्षाच नाही.

गोदामात हे काम कसं चालतं ते मी पाहत आलोय. थप्पीवर वायू न झिरपणारं जाड कापड घालतात, त्याच्या कडा वाळूच्या लांब पिशव्यांनी जमिनीशी दाबतात, धोक्याची पाटी लावतात, मास्क घालून काम करतात आणि मुदत संपल्यावर सगळं उघडून वारं खेळवल्याशिवाय आत कुणाला सोडत नाहीत. औषधाची मात्रा टनावर मोजतात. घरात असतं किती? दोन-चार पोती. आणि त्या गोदामात कुणी झोपत नसतं.

हे माझं मत म्हणून सोडून देऊ नका. केंद्र सरकारच्या कृषी मंत्रालयाची 'मर्यादित वापराची' कीटकनाशकं म्हणून एक यादी आहे, ती कुणालाही पाहता येते. तिच्यात ॲल्युमिनियम फॉस्फाइडचं नाव आहे. त्यात स्पष्ट लिहिलंय की हे औषध वापरण्याचं काम सरकारी संस्था, सरकारी उपक्रम किंवा कीडनियंत्रणाचा व्यवसाय करणारे यांनीच करायचं, तेही सरकारी किंवा सरकारनं मान्य केलेल्या तज्ज्ञाच्या कडक देखरेखीखाली. तीन-तीन ग्रॅमच्या दहा आणि वीस गोळ्यांच्या नळ्यांवर तर पूर्ण बंदी आहे. म्हणजे घरगुती ग्राहकाला चार-दहा गोळ्या सुट्या विकणं हेच मुळात नियमाबाहेरचं आहे. तरी त्या मिळतात. ओळखीनं मिळतात, कागदाच्या पुडीत मिळतात. पुडीवर ना नाव, ना सूचना. माझ्याच धंद्यातली माणसं हे करतात, याची मला लाज वाटते.

"आम्ही वर्षानुवर्षं टाकतोय, काही झालं नाही," असंही ग्रुपवर एका काकांनी लिहिलं. काका, तेव्हा घरं कशी होती? वर पत्रा, आढ्याखाली हातभर मोकळी जागा, खिडक्यांना गज. वारा इकडून तिकडे जायचा. आता वर स्लॅब, खिडक्यांना सरकत्या काचा, आणि एसी असेल तर दारंही बंद. गोळी तीच राहिली, घर बदललं.

ज्यांनी गोळ्या आणून ठेवल्याच आहेत त्यांच्यासाठी. धान्यात टाकल्या असतील तर दारं-खिडक्या उघडा, सगळे बाहेर या, शेजाऱ्यांना सांगा आणि आत झोपू नका. गोळ्यांवर पाणी ओतू नका, मोरीत टाकू नका, कारण पाण्यानं वायू एकदम सुटतो आणि पेटही घेऊ शकतो. काढण्यासाठी कीडनियंत्रणाचा परवाना असलेल्या माणसाला बोलवा. कुणाला उलटी, धाप, चक्कर काहीही झालं, तर १०८ ला फोन करा आणि दवाखान्यात 'धान्यातल्या गोळ्या' हे शब्द पहिल्या वाक्यात सांगा.

मग ज्वारी राखायची कशी? मंगळवेढ्याची ज्वारी वर्षाची भरणाऱ्या या जिल्ह्यात हा प्रश्न पडावा, याचंच वाईट वाटतं. ऊन. आपल्याकडे जे फुकट आणि नको इतकं आहे, ते. गच्चीवर ताडपत्री, शक्यतो काळा प्लास्टिक कागद, त्यावर बोटभर थर, भर दुपारी. पन्नास अंशांच्या वर धान्य तापलं की किडे टिकत नाहीत. मोठे पळून जातात, दाण्याच्या आत असलेल्या अळ्या मरायला एक दुपार पुरत नाही, म्हणून सलग काही दिवस ऊन दाखवा. दाणा दाताखाली कडकन फुटला पाहिजे, मऊ लागला तर ओल आहे. आणि एक गोष्ट नव्या सुना हमखास चुकतात, कारण त्यांना कुणी सांगत नाही. तापलेली ज्वारी लगेच कोठीत भरायची नाही. ती आत घाम धरते आणि त्या ओलीवर किडा पुन्हा येतो. रात्रभर गार होऊ द्या, सकाळी भरा. कोठी आधी रिकामी करून धुऊन उन्हात ठेवा, तळाच्या सांध्यातली जुनी पिठी ब्रशनं काढा. मागच्या सालची मूठभर ज्वारी नव्यात मिसळली की सगळी मेहनत वाया जाते. तूरडाळीला एरंडेल चोळतात ते बरोबर आहे, चोळा. चुलीची चाळलेली राखही उपयोगी आहे, ती किड्याच्या अंगावरचा मेणासारखा थर खरवडते आणि किडा सुकून मरतो.

कडुनिंबाच्या पाल्याबद्दल मेसेजमध्ये जे लिहिलंय ते अर्धं खरं आहे, हे मान्य करावं लागेल. सावलीत वाळवलेला पाला कोठीत घातला तर नवा किडा यायला थोडा कचरतो. पण आधीच लागलेली कीड पाल्यानं मरत नाही. ओला पाला घातला तर उलट ओल वाढते, आणि मेसेजमध्ये "ताजा पाला" लिहिलंय.

आता बाळाच्या दुपट्यात आणि पाळण्याखाली डांबरगोळ्या ठेवायचा उपाय. हे कुणी लिहिलं असेल त्याला बाळ कसं सांभाळतात ते माहीत नसावं. डांबरगोळीतलं नॅफ्थॅलिन काही बाळांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतं. ज्यांच्यात जी-सिक्स-पी-डी नावाचं द्रव्य जन्मतः कमी असतं, त्यांना हा धोका असतो. असं बाळ दिसायला अगदी ठणठणीत असतं, तपासणीशिवाय कळत नाही. त्या वासाच्या कपड्यांत गुंडाळल्यावर कावीळ होऊ शकते, आणि तान्ह्या बाळात कावीळ फार वाढली तर मेंदूला इजा होते. पेटीतले बाळंतविड्याचे कपडे काढले की आधी धुवा, उन्हात वाळवा, मगच बाळाच्या अंगाला लावा.

विंचवाचा मुद्दा मला दुसऱ्या क्रमांकाचा घातक वाटतो. "विंचू चावला तर चिंचोका उगाळून चिकटवा, विष ओढून घेतो, दवाखान्याची गरज नाही." चिंचोका चिकटतो, हे खरं आहे. विष ओढत नाही. आपल्या भागात दगडमातीच्या भिंती, विटांचे ढीग, सरपण यांत विंचू उन्हाळ्यात निघतात, त्यात लाल विंचूही असतो. लाल विंचवाचं विष हृदयावर जातं. दरदरून घाम, हातपाय गार, उलटी, मग फुफ्फुसात पाणी भरणं. कोकणात महाडला डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी हे रुग्ण जवळून पाहिले, प्राझोसिन हे रक्तदाबावरचं गोळीचं औषध वापरून मृत्यूचं प्रमाण अगदी थोड्यावर आणलं आणि १९८० च्या दशकात 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात ते जगापुढे मांडलं. त्यांना २०२२ साली पद्मश्री मिळाली. महाराष्ट्रातल्याच एका डॉक्टरनं शोधलेला उपचार साध्या गोळीच्या रूपात असताना लेकराला चिंचोका लावून घरी ठेवायचं? चावल्यावर ताबडतोब दवाखाना, लहान मूल असेल तर एक मिनिटही थांबायचं नाही. आणि चावू नये म्हणून चपला-बूट झटकून घाला, जमिनीला टेकणारी अंथरुणं-चादरी खोचून ठेवा, भिंतीलगतचा अडगळीचा ढीग हलवा.

डासांबद्दल मेसेज म्हणतो, "डास गटारीतून येतात, संध्याकाळी कापूर जाळला की डेंग्यू होत नाही." डेंग्यूचा डास गटारीतला नाही. अंगावर पांढरे पट्टे असलेला हा डास स्वच्छ साठवलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि दिवसा चावतो. आपल्या शहरात नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळे प्रत्येक घरात पिंप, हौद, टाकी, घागरी भरलेल्या. म्हणजे त्याला हवं ते सगळं आपल्याच घरात. हा डास पाण्याच्या रेषेच्या वर भांड्याच्या भिंतीला अंडी चिकटवतो, ती कोरडी होऊनही महिनोन्महिने टिकतात, पाणी आलं की फुटतात. म्हणून नुसतं पाणी ओतून पुन्हा भरणं पुरत नाही. आठवड्यातून एकदा पिंपाच्या आतल्या भिंती घासणीनं घासा, मग भरा, वर कापड ताणून बांधा. कूलरच्या टाकीचंही तेच. पाणी वाया जातं म्हणाल तर ते फरशी धुवायला, झाडांना वापरा. हौद रिकामा करणं शक्य नसेल तर गप्पी मासे सोडा.

झुरळांसाठी बोरिक पावडर, कणीक आणि साखर यांच्या गोळ्या. हा उपाय खरा आहे. सावकाश काम करतो, पण करतो. मेसेजमध्ये मात्र ती पावडर ओट्यावर शिंपडायला सांगितलीये, ते करू नका. गोळ्या सिलिंडरच्या मागे, कपाटाच्या खालच्या फटीत, लेकरांचा आणि मांजराचा हात पोहोचणार नाही तिथे ठेवा. रात्री खरकटी भांडी सिंकमध्ये राहू देऊ नका, नाहीतर झुरळ गोळीकडे वळतच नाही.

पालींसाठी अंड्याची टरफलं, मोरपीस: काही होत नाही. आपल्या घरातली पाल विषारी नसते, ती डास आणि किडेच खाते. फक्त दुधावर, भाजीवर झाकण ठेवा.

सापासाठी घराभोवती कार्बोलिक ॲसिड टाकायचा उपाय तर सरळ सोडून द्या. त्यानं साप अडत नाही, पण अंगणात खेळणाऱ्या पोराचे पाय भाजतात. साप उंदरामागे येतो, उंदीर सांडलेल्या धान्यामागे. मोरीच्या पाइपाला जाळी बसवा. दाराखालच्या फटीला रबराची पट्टी लावा, हार्डवेअरच्या कुठल्याही दुकानात मिळते. तिनं विंचू, उंदीर आणि साप तिन्ही अडतात.