पडद्यावर बोट नाही म्हणजे समुद्रात बोट नाही, असे नव्हे

मुंबईच्या किनाऱ्यावर शिडाच्या नौका चालवणाऱ्यांमध्ये सध्या एक मजकूर मोबाइलवरून फिरत आहे. त्याचा आशय असा : स्वस्तातला एआयएस रिसीव्हर, म्हणजे जहाजांचे रेडिओ संकेत ऐकणारे यंत्र, घ्या, तो नौकेवरील लॅपटॉपला जोडा आणि ओपनसीपीएन हे सागरी नकाशांचे मोफत सॉफ्टवेअर टाका. मग वीस मैलांतील प्रत्येक बोट तुम्हाला दिसेल, प्रत्येक बोटीला तुम्ही दिसाल आणि धडकेचा धोका असेल तर संगणकच भोंगा वाजवेल, त्यामुळे रात्री डेकवर कोणी जागत बसण्याची गरज नाही. आणि एवढाही खर्च नको असेल तर जहाजे दाखवणारे मोबाइल ॲप तेच काम करते. यंत्र चांगले आहे, सॉफ्टवेअरही उत्तम आहे. मात्र या मजकुरावर विसंबून कोणी रात्री मांडव्याहून निघाले तर जिवावर बेतू शकते, म्हणून त्यातील एकेक विधान तपासणे आवश्यक वाटते.

‘प्रत्येक बोट दिसेल’ हे विधान सर्वांत घातक आहे. एआयएस म्हणजे जहाजाने व्हीएचएफ रेडिओवरून स्वतःची जागा, दिशा आणि वेग सांगत राहणे. जो सांगत नाही, तो रिसीव्हरला ऐकू येत नाही. आंतरराष्ट्रीय सफरीवरील ३०० टन आणि त्याहून मोठ्या जहाजांना आणि प्रवासी जहाजांना हे यंत्र सागरी सुरक्षेच्या ‘सोलास’ या आंतरराष्ट्रीय करारानुसार सक्तीचे आहे. ससून डॉकमधून पहाटे निघणाऱ्या लहान होड्यांवर ते बहुधा नसते. युद्धनौकांना या सक्तीतून सूट आहे, आणि मुंबई तर नौदलाचा मोठा तळ आहे. डोल जाळ्यांचे खुंट, त्यांचे तरंगते बोये, अंधारात नांगरून पडलेला बार्ज यांपैकी कशाचीही चाहूल पडद्यावर लागेलच असे नाही. बंदराबाहेर लहान नौकेचा खरा सामना बहुतेक वेळा याच गोष्टींशी होतो.

‘प्रत्येक बोटीला तुम्ही दिसाल’ हे तर सरळ चूक आहे. रिसीव्हर फक्त ऐकतो. इतरांना दिसायचे असेल तर प्रक्षेपण करणारा ट्रान्सपाँडर, त्यासाठी परवाना आणि नौकेचा स्वतःचा एमएमएसआय, म्हणजे रेडिओवर नौका ओळखण्याचा क्रमांक लागतो. भारतीय नौकांचा हा क्रमांक ४१९ ने सुरू होतो.

वीस मैलांचा आकडा खोटा नाही, पण तो अँटेना कोठे बसवला आहे यावर अवलंबून आहे. एआयएसच्या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात. दोन्ही अँटेनांच्या मीटरमधील उंचीची वर्गमुळे काढून त्यांच्या बेरजेला सुमारे २.२ ने गुणले की सागरी मैलांत अंतराचा अंदाज येतो. जहाजाचा अँटेना ३६ मीटरवर आणि तुमचा डोलकाठीच्या टोकावर १६ मीटरवर असेल, तर हे अंतर सुमारे २२ मैल भरते. तोच अँटेना कॉकपिटमध्ये पाण्यापासून एक मीटरवर ठेवला तर जेमतेम १५. लहान नौकांवरील ‘क्लास बी सीएस’ प्रकारचा प्रक्षेपक २ वॅटचा आणि मोठ्या जहाजांचा १२.५ वॅटचा असल्याने लहान नौका त्याहूनही जवळ आल्यावरच दिसतात. डोलकाठीवरील व्हीएचएफचाच अँटेना वापरायचा असेल तर मध्ये एकच अँटेना दोन यंत्रांना वाटून देणारा, त्यासाठीचा स्प्लिटर हवाच, नाहीतर बोलण्याचे बटण दाबताच २५ वॅटची शक्ती थेट रिसीव्हरमध्ये शिरून तो जळू शकतो.

भोंग्याविषयी थोडे सविस्तर सांगावे लागेल. दोन नौका एकमेकींच्या किती जवळून जातील आणि ते किती मिनिटांनी घडेल, हे सॉफ्टवेअर गणिताने काढते. या आकड्यांना सीपीए आणि टीसीपीए म्हणतात. त्यासाठी स्वतःच्या नौकेचा जीपीएसही संगणकाला जोडलेला असावा लागतो. शिवाय हे गणित दोन्ही नौका सरळ आणि एकाच वेगाने जात राहतील असे धरून चालते, तर शिडाची नौका वाऱ्यावर दर थोड्या वेळाने बाजू बदलते. वारा पडून वेग दोन नॉटवर, म्हणजे ताशी दोन सागरी मैलांवर, आला की लाटांमुळे जीपीएसची दिशा हेलकावत राहते आणि सीपीएचा आकडा मैलभर इकडेतिकडे उड्या मारतो. मग भोंगा उगाच वाजू लागतो, कोणीतरी वैतागून तो बंद करतो आणि पुढे तो बंदच राहतो.

जोडणीतही एक फसवी जागा आहे. सिरियल पोर्टवर एआयएसची माहिती सामान्यतः ३८४०० बॉड (माहिती पाठवण्याच्या वेगाचे माप) वेगाने येते, तर जुन्या जीपीएसची ४८०० ने. वेग चुकीचा निवडला तर पडदा रिकामा राहतो, आणि रिकामा पडदा शांत समुद्रासारखाच दिसतो. मुंबईबाहेर नांगरलेली जहाजे नेहमीच असल्यामुळे येथे रिकामा पडदा म्हणजे जोडणीत दोष, असेच आधी समजावे. मात्र नांगरलेले जहाज आपली जागा दर ३ मिनिटांनी आणि नाव दर ६ मिनिटांनी सांगते, म्हणून निष्कर्ष काढण्यापूर्वी तेवढा वेळ थांबावे.

मोबाइल ॲप किनाऱ्यावरील केंद्रांनी ऐकलेली माहिती इंटरनेटवरून देते. ती पाच मिनिटे जुनी असेल, तर १२ नॉटने येणारे जहाज दाखवलेल्या जागेपासून पूर्ण एक सागरी मैल पुढे आलेले असते.

राहिला डेकवरचा पहारा. टक्कर टाळण्याच्या १९७२ च्या आंतरराष्ट्रीय नियमांतील पाचवा नियम डोळ्यांनी आणि कानांनी सतत टेहळणी करण्यास सांगतो आणि त्याच्या जोडीला उपलब्ध साधने वापरण्यास सांगतो. सातवा नियम अपुऱ्या माहितीवरून अंदाज बांधण्यास मनाई करतो. ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराच्या तोंडाशी ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया ३’ यांची टक्कर झाली आणि कंटेनर समुद्रात पडले. दोन्ही जहाजे एआयएस सक्तीचे असण्याइतकी मोठी होती, तरी टक्कर झालीच. समोरच्या जहाजाचा कंपासवरचा कोन बदलत नसेल आणि ते जवळ येत असेल, तर धोका आहे, हे पाहायला डेकवर माणूसच लागतो. पडद्यावर त्या जहाजाचे नाव मिळते आणि व्हीएचएफवर हाक मारण्यासाठीच्या चॅनल १६ वर त्याला नावाने हाक मारता येते, हा रिसीव्हरचा मोठा उपयोग आहे आणि तेवढ्यासाठीही तो घ्यावा. पैसे पुरत असतील तर थेट क्लास बी ट्रान्सपाँडर घ्यावा. तो ऐकतोही आणि सांगतोही. तो बसवल्यावर आपला एमएमएसआय सॉफ्टवेअरमध्ये ‘स्वतःची नौका’ म्हणून नोंदवावा, नाहीतर सॉफ्टवेअर आपल्याच नौकेला दुसरी नौका समजून भोंगा वाजवू शकते.