‘एका इंजेक्शनात कर्करोग बरा’ : नॅनोकणांविषयीच्या दाव्याचा प्रतिवाद

सोन्याच्या नॅनोकणांचे (डोळ्यांना न दिसणाऱ्या अतिसूक्ष्म कणांचे) एक इंजेक्शन घेतले की ते केवळ कर्करोगाच्या पेशींत जाऊन बसतात, स्कॅनमध्ये गाठ उजळून दाखवतात आणि बाहेरून प्रकाश टाकताच ती जाळून टाकतात. दुष्परिणाम शून्य, आणि रोग कोणत्याही टप्प्यावर असला तरी चालतो, असा संदेश सर्वत्र फिरतो आहे. त्यामागे खरे संशोधन आहे, म्हणूनच त्यातील अतिशयोक्ती सहज पचते.

‘केवळ गाठीतच’ हे पहिले विधान. गाठीतील रक्तवाहिन्या सच्छिद्र असल्याने मोठे रेणू तेथे झिरपून साचतात, हे मात्सुमुरा आणि माएदा या जपानी संशोधकांनी १९८६ मध्ये दाखवले. मात्र प्राण्यांवरील प्रयोगांच्या २०१६ मधील एका विस्तृत आढाव्यात, टोचलेल्या मात्रेपैकी गाठीत पोहोचणारा वाटा मध्यक मूल्याने अवघा ०.७ टक्के आढळला. उरलेल्यातील बराचसा भाग यकृत आणि प्लीहा टिपून घेतात.

‘एकच कण दाखवतो आणि जाळतोही’ यात तर भौतिकशास्त्राचीच अडचण आहे. शोषलेली प्रकाशऊर्जा चमक म्हणून बाहेर पडेल, उष्णता होईल किंवा ऑक्सिजनला मिळून त्याचे पेशीघातक रूप तयार करील; एका वाटेला जास्त गेली की दुसरीला कमी उरते. म्हणून चुंबकीय प्रतिमेसाठी (एमआरआय) लोह ऑक्साइड आणि उष्णतेसाठी सोने असे वेगवेगळे घटक एका कणात बांधावे लागतात, आणि प्रत्येक जोडणीसोबत तो कण दरवेळी हुबेहूब तसाच बनवणे कठीण होत जाते. शिवाय प्रतिमेसाठीचे द्रव्य शरीरातून लवकर निघून जावे असे वाटते, तर उपचाराचे द्रव्य गाठीत टिकावे लागते.

‘बाहेरून प्रकाश’ हा भाग सर्वांत दिशाभूल करणारा आहे. साधारण ७०० ते ९०० नॅनोमीटरचा निकट-अवरक्त (लाल रंगाच्या पलीकडचा) प्रकाश ऊतींतून तुलनेने चांगला जातो, तरी काही मिलिमीटर ते सेंटिमीटरभर अंतरात तो क्षीण होतो. सिलिकाच्या गाभ्यावर सोन्याचे कवच असलेल्या कणांची पुरःस्थ (प्रोस्टेट) ग्रंथीच्या कर्करोगावरील प्राथमिक चाचणी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत १६ पैकी १५ रुग्णांत लेझर उपचार यशस्वीपणे पार पडला. पण त्यासाठी लेझरचा तंतू थेट ग्रंथीत खुपसावा लागला, आणि गाठ दाखवण्याचे काम एमआरआय व सोनोग्राफीने केले, कणांनी नव्हे! संदेश लिहिणाऱ्याने हा तपशील सोयीस्करपणे गाळला आहे.

ते सर्व रुग्ण ग्रंथीपुरत्या मर्यादित, कमी किंवा मध्यम जोखमीच्या रोगाचे होते. प्रकाश जेथे पडतो तेथेच पेशी मरतात, त्यामुळे इतरत्र पसरलेल्या रोगाला ‘कोणताही टप्पा’ हे शब्द लागू होत नाहीत.

राहिले दुष्परिणाम. सोन्याचे विघटन होत नाही, त्यामुळे यकृतात अडकलेले कण दीर्घकाळ राहू शकतात. नॅनोकण नसलेल्या, पण प्रकाशानेच कार्यरत होणाऱ्या पोर्फिमर सोडियम या औषधाला अमेरिकेत १९९५ मध्ये अन्ननलिकेच्या कर्करोगासाठी मान्यता मिळाली. ते घेतल्यावर रुग्णाला किमान ३० दिवस डोळे आणि त्वचा उन्हापासून जपावी लागते.