तरवडाच्या मुळांना गाठी नसतात: एका प्रतिक्रियेला उत्तर

सर,

आधी गाठींचं बोलू, कारण तिथं चूक माझी आहे. 'तरवड शेंगांच्या कुळातला, म्हणजे मुळांवरच्या गाठींतून जमिनीला नत्र देणारच' असं मी या पिवळ्या फुलांच्या झुडपावरच्या लेखात ठोकून दिलं होतं. तुम्ही विचारलंत, 'एक तरी झुडूप उपटून बघितलंय का?' नव्हतं बघितलं. रविवारी सोलापूरजवळ मार्डी रस्त्याला मुरूम काढलेल्या जागी उखडून पडलेलं एक सापडलं. मुळं बादलीत धुतली, शेजारी भुईमुगाचा डहाळा ठेवला. भुईमुगाला गाठीच गाठी, तरवडाचं चिवट सोटमूळ साफ कोरं. मग वाचलं, तरवडाच्या सेना प्रजातीत गाठी सहसा नसतातच, टाकळ्याचंही तेच. ते वाक्य लेखातून काढलंय.

पण 'तरवड दिसला की रान वाया गेलं समजावं, त्यापेक्षा झाडं लावा' हे पटत नाही. आपल्याकडे वर्षाला साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही लहरी. उतारावर बोटभर मुरूम, खाली काळा पाषाण. तिथं खड्डे घेऊन लावलेली रोपं टँकर थांबला की माना टाकतात. तरवड बिनपाण्याचा उभा. गवत शेळ्या फस्त करतात, तरवडाला फारसं तोंड लावत नाहीत. मग माळावर तोच तेवढा दिसतो आणि दोष त्याच्या माथी. त्याच्या बुडाशी वाकून बघा. शेळीचं तोंड पोचत नाही तिथं कुसळी गवताचे चार ठोंब तग धरून असतात.

'मधमाश्यांनाही उपयोग नाही' हे तुमचं अर्धं खरं. फुलात मध नसतोच. परागकोश उकलत नाहीत, टोकाला बारीक भोकं असतात, परागकण त्यातूनच बाहेर पडायचे. काळा भुंगा येतो, पुंकेसरांना मिठी मारतो आणि पंख मिटून अंग थरथरवतो. घूंऽऽ असा आवाज येतो नि पिवळी पूड उडते. मधमाशीला ही युक्ती जमत नाही. दहांतले वरचे तीन केसर वांझ, मधले आखूड भुंग्याच्या खाण्यासाठी, खालचे लांब तीन त्याच्या अंगाला पराग फासायला. आणि पानं? त्यांवर कॅटॉप्सिलिया फुलपाखराच्या हिरव्या अळ्या वाढतात, पानाच्याच रंगाच्या. मला त्या दिसायला दोन पावसाळे लागले.

नान्नजच्या माळढोक अभयारण्यात तरवड नको, हा तुमचा मुद्दा मात्र मान्य, पूर्ण मान्य. माळढोक पक्ष्याला लांबवर नजर जाईल असं मोकळं गवत लागतं. झुडपांची दाटी झाली की तो माळ त्याच्या कामाचा राहत नाही. 'दिसेल त्या जागी तरवड लावा' हे मी उत्साहाच्या भरात लिहिलं. तुळजापूर घाटाचे उतार, ओढ्याच्या धारा, शेताचे बांध इथं तो हवा. गवताळ माळाच्या मध्यात नको. फक्त उपटायचंच ठरलं तर सुरुवात ग्लिरिसिडियाच्या झाडापासून करू या. तो मध्य अमेरिकेतला पाहुणा, आपणच आणून लावलेला. तरवड इथलाच.

शेवटी तुम्ही विचारलंय, 'हे झुडूप हवंय कुणाला?' एके काळी कातडी कमावणाऱ्यांना हवं होतं, सालीसाठी. त्या पायी किती झुडपं सोलली गेली असतील. आता आमच्या गल्लीतल्या मावशींना हवं असतं, घटाच्या माळेसाठी. आणि सोलापूरच्या पूर्व भागातल्या तेलुगू पद्मशाली घरांत नवरात्रात बतुकम्मा, म्हणजे देवीसाठी फुलांची उतरंड, रचतात, तिला तंगेडू लागतो. तंगेडू म्हणजे आपला तरवडच. तेलंगणाचं तर ते राज्यफूल. गेल्या वर्षी शेजारच्या अम्मांबरोबर फुलं तोडायला गेलो होतो. माझी पिशवी अर्धी भरेपर्यंत त्यांची टोपली शिगोशीग, वर मलाच दटावलं, 'कळ्या कशाला ओरबाडता?'

यंदा तुम्हीही चला. सकाळी लवकर निघू, भुंगेही दिसतील. धुतलेली मुळं अजून गच्चीवर ठेवली आहेत, तीही बघून घ्या.