फाइल जोडायची कशाला?

राजेहो, एआयला कोड लिहायला बसवलं ना, मग पहिला नियम: काही जोडू नका. आयटी पार्कच्या टपरीवर तर्री-पोहे खाता खाता नुसतं टाका, 'चालून नाही राहिलं, ठीक कर.' काय चालून नाही राहिलं, कुठल्या फाइलमध्ये, काल काय बदललं, हे त्यानं ओळखावं. एवढा गाजावाजा झालाय त्याचा, मनातलं कळत नसेल तर काय उपयोग?

त्यानं उलट फाइल मागितली, तर मात्र कंजुषी नको. 'अ‍ॅट'चं चिन्ह (@) दाबून नाव लिहिलं की बऱ्याच साधनांत हवी तेवढीच फाइल जाते. नेमक्या ओळी सिलेक्ट करूनही देता येतात. हे फार सोपं आहे, म्हणून करू नका. 1953 च्या नागपूर कराराच्या शब्दाला जागून सरकार हिवाळ्यात अधिवेशनाला येतं, ते मुंबईहून फायलींचे गठ्ठे लादूनच. त्या परंपरेत वाढलेल्या माणसानं एकच फाइल द्यायची? आख्खं फोल्डर द्या. नोड मॉड्यूल्स, म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेल्या तयार कोडचा ढीग, त्याच्यासकट. त्यातली एकही ओळ तुम्ही लिहिलेली नाही, पण वजन तर पडतं!

एआय मॉडेलची कॉन्टेक्स्ट विंडो, म्हणजे एका वेळी त्याच्या नजरेत मावणारा मजकूर, टोकनांत (शब्दांच्या तुकड्यांत) मोजतात आणि ती कधीतरी भरते. भरत आली की काही साधनं आधीच्या बोलण्याचा सारांश करून बाकीचं सोडून देतात. 'डेटाबेसला हात लावू नको' ही तुमची सकाळची सूचना त्यातच गेली, तर समजा तिचं नशीब. लांब मजकुराच्या मधोमध असलेली गोष्ट मॉडेलांच्या नजरेतून जास्त निसटते, असं 2023 च्या एका अभ्यासात दिसलं होतं. तेव्हा कामाची फाइल बरोब्बर मध्ये कोंबा.

एररचा मजकूर कॉपी करणं म्हणजे कमीपणा. मोबाइलनं स्क्रीनचा फोटो काढा, तिरपा. कूलरची सावली आली पाहिजे आणि ओळ क्रमांक अंगठ्याखाली गेला पाहिजे.

'डॉट ईएनव्ही' फाइल तर आवर्जून जोडा. डेटाबेसचा पासवर्ड, पेमेंटची की, सगळं त्यात असतं. कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिटमध्ये जाऊ नये म्हणून तुम्हीच ती गिटइग्नोरमध्ये, म्हणजे वगळायच्या फायलींच्या यादीत, टाकली होती. एवढी जपलेली म्हणजे महत्त्वाचीच असणार ना! शेजारच्या काकूंना वायफायचा पासवर्ड द्यायला आपल्या जिवावर येतं, पण दूरच्या कुठल्या सर्व्हरला काय नाही म्हणायचं? (इतरांनी ती की ताबडतोब बदलली असती. तुम्ही आधी चहा घ्या.)

शेवटी बदल न वाचता 'अ‍ॅक्सेप्ट ऑल' दाबा. सगळं कोसळलं, तर मागच्या महिन्यातली जुनी कॉपी जोडली होती हे सिनिअरजवळ बोलू नका. 'काही दम नाही बे त्या एआयमध्ये' एवढंच म्हणा. तो लगेच मान डोलावील. कालच त्यानं 'चालून नाही राहिलं' एवढंच लिहून पाठवलं होतं.