निकाल लागेपर्यंत पालकांनी बघायचं काय?

इंग्लंडमधल्या ‘फ्री स्कूल’वर, म्हणजे सरकारी पैशावर पण स्थानिक प्रशासनाच्या ताब्याबाहेर चालणाऱ्या शाळांवर, टीका करणारा एक लेख वाचला. अशा एका नव्या शाळेने पालकांसाठी काढलेल्या बातमीपत्रातलं समूहगायन, खुला दिवस, पालकांनी भरवलेला केकचा स्टॉल या सगळ्याला त्यात ‘प्रसिद्धीचा सोस’ म्हटलंय. जरा घाईच झाली असं वाटतं. अशी माध्यमिक शाळा बहुधा एकाच इयत्तेने सुरू होते, सगळी पोरं अकरा-बारा वर्षांची. दरवर्षी खालून एक वर्ग भरायचा. जीसीएसईचा, म्हणजे तिकडच्या सोळाव्या वर्षीच्या शालान्त परीक्षेचा, पहिला निकाल यायला पाच वर्षं! तोवर गायकवृंदातही हीच पोरं, फुटबॉलच्या संघातही हीच, आणि पाहुण्यांना शाळा फिरवून दाखवणारीही हीच. मोठी मुलंच नाहीत, त्यामुळे सगळं यांच्याच गळ्यात. मला तर हे फायद्याचं वाटतं.

या शाळा म्हणजे ‘खासगी शाळा मागच्या दाराने’, हे लेखातलं म्हणणंही पटलं नाही. फी नाही, पैसा थेट केंद्रीय शिक्षण खात्याचा, प्रवेशाचे नियम इतर सरकारी शाळांचेच. मोकळीक आहे ती अभ्यासक्रमात. हॅमरस्मिथच्या वेस्ट लंडन फ्री स्कूलने लॅटिन सक्तीचं केलं ते त्यातूनच.

पण सगळं गोडगोड नाही. सप्टेंबर 2011 मध्ये उघडलेल्या पहिल्या 24 शाळांपैकी क्रॉलीची डिस्कव्हरी न्यू स्कूल ऑफस्टेडच्या (शाळा तपासणाऱ्या सरकारी संस्थेच्या) वाईट शेऱ्यानंतर 2014 मध्ये बंद झाली. म्हणून बातमीपत्रात मी आधी शोधेन ते वर्षभरात किती शिक्षक सोडून गेले आणि पक्की इमारत कधी मिळणार. लेखकाने तेवढं तपासून लिहावं.