साडेसहाचा सूर्यास्त

अंदमानच्या सहलीत राधानगर किनाऱ्यावरील सूर्यास्त हुकला आणि तो माझ्यामुळे हुकला, असे आमच्या गटातील अठ्ठावीस जणांचे ठाम मत आहे. पदरचे पैसे मोजून मी हा लौकिक मिळवला.

सेल्युलर जेल, सावरकरांची कोठडी आणि हॅवलॉकला जाताना बोटीत पोटाची झालेली सत्त्वपरीक्षा हे सारे यथासांग पार पडले होते. डिसेंबरात तिथे सूर्य पाचच्या सुमारास मावळतो, कारण आपली प्रमाणवेळ ८२.५ रेखांशाची आणि ही बेटे जवळजवळ ९३ वर. हे मी शाळेत शिकलो होतो. ठाण्याहून आलेले एक निवृत्त काका मात्र ऐन चार वाजता, गाडी निघण्याच्या वेळी, चहा मागवून बसले.

"काका, पाचला मावळेल हो," मी म्हणालो.

"कोण म्हणतं?"

"भूगोल."

"अहो, तीस वर्षं गच्चीवरून बघतोय. सहाच्या आत कधी मावळला नाही."

"ते ठाणं झालं."

"आणि हा काय परदेश आहे? घड्याळ एकच, मग सूर्य वेगळा कसा?"

यावर मी बशीत लिंबू ठेवून पृथ्वीचे परिवलन समजावू लागलो, तेव्हा त्यांनी ते लिंबू उचलून शांतपणे चहात पिळले. "तात्यारावांनी इथे दहा वर्षं काढली, तुम्हाला दहा मिनिटं काढवत नाहीत?" टेबलाभोवतीच्या माना डोलल्या. देशभक्तीपुढे रेखांशाचे काय चालणार?

दुसरा कप आला तेव्हा मी टोपी आणायला खोलीत गेलो. परतलो तर सारे गाडीत बसलेले आणि पहिल्या आसनावर काका, मनगटावरील घड्याळाकडे बोट दाखवत: "यांच्यासाठी खोळंबलोय!"

बारा किलोमीटर जाऊन पोहोचलो, तेव्हा आकाशात फिकट लाली उरली होती आणि रखवालदार शिटी फुंकून लोकांना पाण्याबाहेर काढत होता. सहलवाल्यांच्या पत्रकात 'अविस्मरणीय सूर्यास्त' असे ठळक छापलेले होते. वेळ छापायला मात्र त्यांना शाई पुरली नसावी. विचारले तेव्हा व्यवस्थापक म्हणाला, "सर, निसर्गावर आपला कंट्रोल नाही." चहावर तरी होता ना? एवढ्या पैशांत मी घरातला पंखा, नळ आणि एक दाढ दुरुस्त करून घेतली असती.

काल सकाळी काकांनी सहलीच्या व्हॉट्सॲप गटावर सूर्यास्ताचे छायाचित्र टाकले. खाली ओळ होती, 'राधानगर, अविस्मरणीय!' कोपऱ्यात पाण्याची काळी टाकी आणि डिशची छत्री स्पष्ट दिसत होती. सत्तावीस जणांनी हात जोडले आहेत, आणि त्यांत माझी बायकोही आहे.