माझाच सर्व्हर, आणि मलाच चालू करता येईना

सकाळी ५:५० ला सर्व्हर स्टॉप केला आणि १०:२० ला तो उठला. मधल्या साडेचार तासांत जे भोगलं ते कुणाला तरी सांगितल्याशिवाय आज मला घास गिळणार नाही.

काम दोन मिनिटांचं होतं. अमळनेरजवळच्या एका जिनिंगचं (सरकी काढून कापसाच्या गाठी बांधणाऱ्या कारखान्याचं) वजनकाट्याचं सॉफ्टवेअर मी सांभाळते. ते एका क्लाउड कंपनीच्या मुंबईतल्या भाड्याच्या मशीनवर चालतं. कापसाचा सीझन भरात आहे, गेटवर दिवसभर ट्रॅक्टर आणि पिकअपची रांग, आणि २ जीबी मेमरीत डेटाबेस गुदमरून दुपारचा दोन-तीनदा बसायचा. म्हटलं ४ जीबी करून टाकू. त्यासाठी मशीन थांबवावी लागते. गेट सातला उघडतं, म्हणून गजर लावून पाचला उठले, थंडीत शाल गुंडाळून बसले. स्टॉप. मशीनचा टाइप, म्हणजे आकार, बदलला. स्टार्ट.

चाक फिरत राहिलं. मग वरच्या कोपऱ्यात एक लाल पट्टी आली, आणि मी चष्मा पुसून डोळ्यांवर लावेपर्यंत गेलीसुद्धा. परत स्टार्ट, परत पट्टी, परत गायब. तिसऱ्या वेळी मोबाइल हातात धरून बसले आणि फोटो काढला, तेव्हा वाचता आलं: या झोनमध्ये या प्रकाराच्या मशीनची क्षमता सध्या नाही, थोड्या वेळाने प्रयत्न करा. (झोन म्हणजे कंपनीच्या एकाच भागातल्या वेगवेगळ्या डेटा सेंटरांपैकी एक.)

थोड्या वेळाने म्हणजे किती वेळाने? पाच मिनिटं? दुपार? संक्रांत? जी पट्टी माझ्या अख्ख्या दिवसाचं वाटोळं करणार आहे ती पाच सेकंदांत नाहीशी होते, आणि ‘नवीन डॅशबोर्ड पाहिलात का?’ ही निळी पट्टी मात्र गेले दोन महिने फुली मारूनही जात नाही!

बरं, नको मला ४ जीबी. जुना टाइप परत लावला. त्यालाही तेच उत्तर. इथे माझं डोकं फिरलं. अहो, दहा मिनिटांपूर्वी मी त्याच जागेवर होते. तीन वर्षं त्याच जागेचं भाडं भरते आहे. मी उठले आणि जागा गेली! आमच्याकडे एसटीच्या खिडकीतून सीटवर रुमाल टाकला तरी पुढचा माणूस मान देतो, ‘कोणाचा आहे?’ विचारतो. इथे तीन वर्षांच्या भाड्याला रुमालाएवढी किंमत नाही.

आणि स्टॉप दाबताना ही खिडकी उघडून मला विचारते काय, तर ‘तुमची खात्री आहे ना?’ तात्पुरत्या डिस्कवरचा डेटा जाईल, हे सांगते. मशीन बंद असताना डिस्कचे पैसे लागतील, हे सांगायला तर अजिबात विसरत नाही. पण ‘बाई, तुम्ही थांबवलंत तर ही जागा आम्ही दुसऱ्याला देऊ आणि परत मिळेलच असं नाही’ हे एक वाक्य त्या खिडकीत नाही. ते कुठेतरी मदतीच्या पानांत, सातव्या-आठव्या परिच्छेदात आहे. जागा राखून ठेवायची सोयही आहे म्हणे, वेगळे पैसे भरून. ते पान मला सकाळी साडेसातला सापडलं. तोवर गेटवर अकरा गाड्या लागल्या होत्या.

जिनिंगवर पोचले तेव्हा काट्याच्या खोलीत मुनीम नाना स्क्रीनकडे बघत बसले होते. मला पाहून काही बोलले नाहीत, नुसती खुर्ची सरकवली. त्या गप्प राहण्याचंच मला जास्त लागलं. बाहेर शेतकरी उभे. कुणी पारोळ्याकडून आलेला, कुणी बेटावदकडून, पहाटे तीनला गाडी भरून निघालेले. एकजण आत डोकावून म्हणाला, “ताई, आखो कितला टाईम लागी?”

काय सांगू त्याला? त्याचा कापूस गाडीत आहे, गाडीचं भाडं चढतंय, घरी मजूर पैशांसाठी थांबलेत. वजन होऊन चिठ्ठी निघाल्याशिवाय त्याच्या हातात रुपया पडत नाही. मला एक आकडा सांगता आला असता तर मी सांगितला असता. एक तास म्हणा, चार तास म्हणा, माणूस सोय लावतो, दुसऱ्या जिनिंगला जातो. पण मलाच कुणी सांगितलेलं नव्हतं! मी तिथे उभी राहून “बघतेय दादा, बघतेय” म्हणत होते. पंधरा वर्षं या धंद्यात आहे, इतकं खोटं वाटणारं वाक्य मी कधी बोलले नव्हते.

नानांनी मग कपाटातून जुनं कार्बनचं पुस्तक काढलं आणि हाताने चिठ्ठ्या लिहायला घेतल्या. काटा चालू होता, वजन दिसत होतं; बंद होतं ते फक्त माझं.

त्यात पोर्टलने, म्हणजे सर्व्हर सांभाळायच्या त्यांच्या वेबसाइटने, मला बाहेर काढलं. सेशन संपलं. कधी संपावं? मी स्नॅपशॉटचा, म्हणजे डिस्कच्या नकलेचा, फॉर्म अर्धा भरलेला असताना. पुन्हा पासवर्ड, पुन्हा चित्रांतले बसगाड्यांचे चौकोन निवडा, मग मोबाइलवर कोड. पत्र्याच्या शेडखाली मोबाइलला रेंज नाही. रुईच्या ढिगाला वळसा घालून गेटपर्यंत पळायचं, कोड घ्यायचा, परत पळायचं. आत येईपर्यंत कोडची मुदत संपलेली. तीन फेऱ्या झाल्या. चौथ्या वेळी आत शिरले तर समोर काय? ‘एकूण इन्स्टन्स: ०’. म्हणजे माझी एकही मशीन नाही.

मांडीतलं बळच गेलं माझ्या. डोळ्यांसमोर तीन वर्षांच्या वजनचिठ्ठ्या, गाठींचा हिशेब, सगळं आलं. मग वर उजवीकडे नजर गेली. मुंबई जाऊन तिथे व्हर्जिनिया आलं होतं. पुन्हा लॉगिन केलं की कधीकधी हे पोर्टल मला परस्पर अमेरिकेत नेऊन सोडतं. मुडदा बसो त्या ड्रॉपडाउनचा! ‘या रीजनमध्ये काही नाही, तुमच्या मशीन मुंबईत आहेत’ एवढं लिहायला काय जातं? त्यांना माहीत असतं. बिल काढताना जगातल्या कुठल्या कोपऱ्यात माझी किती जीबी डिस्क पडली आहे ते पैशापर्यंत माहीत असतं.

हीच माझी जुनी तक्रार आहे. पैसे घेताना या पोर्टलला सगळं दिसतं आणि मदत करताना काहीच दिसत नाही. गेल्या वर्षी एक चाचणीचा सर्व्हर बंद करून ठेवला होता. बंद म्हणजे बंद, करड्या रंगात. पाच महिने त्याच्या डिस्कचे आणि आयपीचे (इंटरनेटवरच्या पत्त्याचे) पैसे डॉलरमध्ये जात राहिले, वर १८ टक्के जीएसटी. बिलात ती ओळ ‘इतर’मध्ये होती.

कार्डाचंही तसंच. १ ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेचा ऑटो-डेबिटचा नियम लागू झाला. आता १५ हजारांच्या वरची रक्कम ओटीपीशिवाय कापली जात नाही. नियम आपल्याच भल्याचा आहे, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण पैसे कापता आले नाहीत तर माणसाला फोन करा, निदान लॉगिन केल्यावर मोठ्या अक्षरांत सांगा! मला मेल आला तो जाहिरातींच्या टॅबमध्ये, आणि कळलं ते मशीन निलंबित झाल्यावर, धरणगावच्या गिऱ्हाइकाच्या फोनवरून.

वेळेचा घोळ तर विचारू नका. बॅकअप रात्री २ ला लावला आणि तो रोज सकाळी ७:३० ला, काटा सुरू व्हायच्या वेळेला, मशीनचा दम काढत होता. २ म्हणजे यूटीसीचे, जागतिक प्रमाणवेळेचे, २. बाकी सगळ्या पडद्यावर भारतीय वेळ दाखवतात, फक्त त्या एका फॉर्ममध्ये नाही. साडेपाच तासांचा हिशेब मी डोक्यात करायचा, आणि चुकला तर चूक माझी.

असो. सकाळकडे येते. झोन बदलायचं ठरवलं. डिस्कचा स्नॅपशॉट, त्यावरून दुसऱ्या झोनमध्ये नवी डिस्क, तिच्यावर नवी मशीन. स्नॅपशॉटची पट्टी चाळीस मिनिटं शून्यावर. शून्य म्हणजे सुरूच झालं नाही, की चालू आहे पण सांगत नाही? रद्द करून पुन्हा लावावं का? छातीवर दगड ठेवून हात आवरला. मग एकदम पूर्ण. मधे एक आकडाही नाही.

आणि आता शेवटचं, जे आठवलं की अजून हात थरथरतो. जुन्या मशीनचा स्थिर आयपी सोडवून नव्या मशीनला लावायचा होता. जिनिंगच्या ई-वे बिलाच्या जोडणीत तो एकच पत्ता नोंदलेला आहे. मेनू उघडला. ‘डिसअसोसिएट’ आणि लगेच खाली ‘रिलीज’. एकाच रंगात, एकाच मापात, बोटभरही अंतर नाही. एकाने पत्ता मोकळा होऊन माझ्याकडेच राहतो, दुसऱ्याने तो कंपनीच्या साठ्यात परत जातो आणि दुसऱ्या कुणाला मिळू शकतो. या जातीचे, म्हणजे आयपीव्ही४चे, ३२ बिटांत सगळे मिळून ४२९ कोटी पत्ते, त्यांचा जागतिक साठा फेब्रुवारी २०११ मध्येच वाटून संपलेला. असा पत्ता एकदा हातातून गेला की कोण परत आणून देणार? आणि एवढी किमती गोष्ट यांनी एका क्लिकच्या अंतरावर, उताराला लावलेल्या बैलगाडीसारखी मोकळी सोडली आहे. चार तास जागेवर नसलेलं डोकं, मागे गाड्यांचे हॉर्न, आणि ही दोन बटणं. मी नानांना शेजारी बोलावलं आणि बटणावरचं नाव मोठ्याने वाचून मगच दाबलं. त्यांना इंग्रजी येत नाही, पण ते उभे राहिले.

आता नाशिकचा एक मित्र सांगतो, पोर्टल वापरूच नका, कमांड लाइन वापरा. वापरते रे बाबा! तिथेही जागा नाही हेच उत्तर येतं, फक्त काळ्या पडद्यावर येतं. दुसरा म्हणतो, दोन झोनमध्ये दोन मशीन ठेवा. ठेवते, पैसे तू देतोस? जिनिंगवाला १७० किलोच्या गाठीमागे काय सुटतं ते दर आठवड्याला मोजतो. त्याला दुप्पट बिल कुठल्या तोंडाने सांगू? आणि अशा वेळी ‘तुमचं आर्किटेक्चरच चुकलं’ म्हणणाऱ्यांशी मला बोलायचंही नाही. थांबवलेली गोष्ट परत चालू होते, एवढ्यावर विश्वास ठेवला, ती माझी चूक असेल तर असो.

त्या चार तासांत त्यांचं स्थितीदर्शक पान दहा वेळा उघडून पाहिलं. मुंबईसमोर हिरवा टिळा. सर्व सेवा सुरळीत. चॅटवरच्या यंत्राने मला चार वेळा त्याच लेखाची लिंक दिली. माणसाशी बोलायचं तर वरचा सपोर्ट प्लॅन घ्या.

१०:२० ला काट्यावर पहिली छापील चिठ्ठी निघाली. तोवर हाताने लिहिलेल्या त्रेचाळीस झाल्या होत्या, आणि पाच गाड्या वजन न करताच वळून गेल्या होत्या. संध्याकाळी गेट बंद झाल्यावर नाना वाचत गेले आणि मी भरत गेले. कार्बनखालच्या तीन चिठ्ठ्यांचे आकडे उमटलेच नव्हते, त्या शेतकऱ्यांना फोन लावून विचारलं. एकाने वर मलाच विचारलं, “जेवन व्हयनं का ताई?”

साडेनऊला उठताना नाना म्हणाले, “उद्या चालू राहील ना?”

मी म्हटलं, स्टॉप करणार नाही.

त्यांनी मान डोलावली, आणि कार्बनचं पुस्तक कपाटात न ठेवता काट्याच्या टेबलावरच ठेवलं.